आमच्याकडचं मोटरहोम, वर्षातून एकदा उतरणारं

परवा एका मित्राने रील पाठवलं. पुण्याकडचं जोडपं, मोठी व्हॅन, आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, छोटा फ्रिज, टपावर सोलर. मागचं दार उघडलं की समोर समुद्र. खाली मित्राने लिहिलं होतं, "भाऊ, असं आपल्याकडे कधी येईल?"

त्याला कळवलं, आपल्याकडे कधीचंच आलंय. तू बोदवड रस्त्याने रोज मोटारसायकल घेऊन त्याच्या शेजारून जातोस. गाव संपता संपता लिंबाच्या झाडाखाली एक जुनी पिकअप उभी असते ना, वर पाइपांचा हूड, त्यावर निळी ताडपत्री, खाली जाळीत दोन कोंबड्या, पुढे भाता आणि ऐरण? ते मोटरहोमच आहे. फक्त त्याचं रील कुणी काढलेलं नाही.

मित्राने हसण्याचं चिन्ह पाठवलं. मी मात्र गंमत करत नव्हतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. लांब आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

ही माणसं गाडीलोहार. शासनाच्या यादीत घिसाडी या भटक्या जमातीत येतात, भटक्या जमाती 'ब' गटात. आपल्याकडची जुनी माणसं त्यांना चितोडी लोहारही म्हणतात. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी, की १५६८ मध्ये अकबराने चितोडगड घेतला तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली: गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहायचं नाही, दिवा लावायचा नाही, खाटेवर झोपायचं नाही. तेव्हापासून बैलगाडी हेच घर. ६ एप्रिल १९५५ रोजी पंतप्रधान नेहरू स्वतः त्यांना घेऊन चितोडगडावर गेले आणि शपथ पुरी झाली असं जाहीर झालं. शपथ सुटली, गाडी काही सुटली नाही. कारण शपथ चारशे वर्षांपूर्वीची असली तरी पोट आजचं आहे. लोहारकाम पाच-सात गावं फिरल्याशिवाय भागत नाही.

माझ्या लहानपणी त्यांच्या बैलगाड्या यायच्या. आपल्या शेतातल्या गाडीपेक्षा बुटक्या, जड, लाकडाला पितळी फुल्या मारलेल्या. एका गाडीत अख्खा संसार. पेरणीच्या आधी आल्या की सगळं गाव वखराच्या पासा, कोळप्याच्या फासा, विळे, कुऱ्हाडी घेऊन तिथे जमायचं. आम्ही पोरं धाव बसवायची बघायला जायचो. लाकडी चाकाची लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आरात लाल करायची, सांडशींनी उचलून चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. लोखंड थंड होऊन आवळलं की आरे आणि पाटे कडकड वाजत घट्ट बसायचे. आपल्या घराचं चाक आपणच बनवणारी, आपणच दुरुस्त करणारी ही माणसं. व्हॅनलाइफ वगैरे शब्द यायच्या कितीतरी आधीची.

लिंबाखालचं जे कुटुंब मी म्हणतोय, ते चार-पाच वर्षांपासून माझ्या ओळखीचं आहे. नावं लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात त्यांचं चलान फाटण्याइतका मसाला आहे. घरात बाबा, त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडं. बाबा सत्तरीच्या आसपास. वय विचारलं तर म्हणतात, "बहात्तरच्या दुष्काळात मी घण मारत व्हतो." त्यावरून काय तो हिशेब करा.

बैल का विकले, हे मी त्यांना पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं होतं ते हळहळतील. हळहळ काही नव्हती. म्हणाले, "भाऊ, बैल रोज चारा मांगे. काम असो नसो. ही गाडी चालली तं डिझेल पेते, उभी राह्यली तं काई मांगत नाई." एवढा साधा हिशेब. आणखी कारणंही आहेत. गावाबाहेरची गायरानं कमी झाली, बैल चारायचे कुठे? रस्ते रुंद झाले, त्यावरून ट्रक-डंपर सुसाट जातात, बैलगाडीने रात्रीचा प्रवास म्हणजे जिवाशी खेळ. आणि मुख्य म्हणजे काम पातळ झालं. ट्रॅक्टर आले, विळे-खुरपी कारखान्यातून तयार येतात, कपाशीत तणनाशक मारलं की कोळप्याचे फेरे कमी. पूर्वी एका गावात आठवडा निघायचा, आता दोन दिवसांत काम संपतं. तेवढीच कमाई करायची तर जास्त गावं फिरावी लागतात. पहूर, शेंदुर्णी, फत्तेपूर, इकडे बोदवड, तिकडे मोताळा, बुलढाण्यापर्यंत. बैलांच्या चालीने हे जमत नाही.

म्हणून बैलजोडी विकली, सुनेची चांदी मोडली, आणि आठ वर्षं वापरलेली पिकअप घेतली. कर्जाचा प्रयत्न केला होता. एका फायनान्सवाल्याने पहिला प्रश्न विचारला, घर स्वतःचं आहे का. मुलगा म्हणाला, "घर घ्यासाठीच तं कर्ज मांगून राह्यलो." समोरचा हसला आणि फाइल परत दिली.

गाडी आली तेव्हा नुसता हौदा होता. पुढचं सगळं मुलाने केलं. दहावी नापास पोरगा, पण हातात कला आहे. पहिल्यांदा त्याने पाइप वाकवून हूड वेल्ड केला, वर ताडपत्री. पहिल्याच पावसात कोपऱ्यांवर ताडपत्री घासून फाटली, रात्रभर गळत होतं. मग कोपऱ्यांच्या पाइपांवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. आता घासत नाही. हौद्यात कमरेइतक्या उंचीवर फळ्यांचा माळा टाकला. खाली भाता, घण, कोळसा, भंगार. वर अंथरूण, पेट्या, दप्तरं. दिवसा माळ्याची अर्धी फळी उचलायची, की बसायला जागा.

ऐरणीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीला उतरवायला सोपी म्हणून ऐरण मागच्या फाळक्याजवळ ठेवायचे. चढाला गाडीचं तोंड हलकं पडायचं, स्टेअरिंग हातात आहे की नाही तेच कळायचं नाही. बाबांनीच सांगितलं, बैलगाडीतही वजन मागे गेलं की जू वर उचलतं आणि बैलांचे गळे आवळतात. ऐरण केबिनला टेकवून ठेवली. स्टेअरिंग सरळ झालं.

लाइटचंही तसंच. मुलाने गाडीच्या बॅटरीवरच दोन एलईडी आणि मोबाइलचं चार्जिंग जोडलं. सकाळी सेल्फ लागेना. चार दिवस सगळं कुटुंब घराला धक्का मारत होतं, अक्षरशः. मग एका ट्रॅक्टरची उतरलेली बॅटरी घेतली, टपावर सोलरची प्लेट बांधली, मध्ये चार्जिंगचा कंट्रोलर. गाडीची बॅटरी गाडीला, घराची बॅटरी घराला. त्या रीलमधल्या जोडप्यानेही हेच सांगितलं होतं, दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवा म्हणून.

दुरुस्तीत हे लोक आपल्यापेक्षा किती पुढे आहेत ते मी गेल्या वर्षी पाहिलं. मागच्या कमानीचा मुख्य पाटा चिरला होता. गॅरेजवाला म्हणाला, वेल्डिंग मारून देतो, दोनशे रुपये. बाबांनी हात जोडले. "पाट्याले वेल्डिंग मारलं तं तो तिथीच तुटतो भाऊ. वर लेकरं झोपता." बरोबर आहे. कमानीचं पोलाद एका ठरावीक आचेवर, ठरावीक थंडाव्याने लवचिक केलेलं असतं. वेल्डिंगच्या कडेला ते कडक होतं आणि पुढच्या खड्ड्यात काचेसारखं तुटतं. बाबा हे कुठल्या कॉलेजात शिकले नाहीत. ट्रकच्या भंगारातल्या कमानीच्या पाट्यांपासूनच ते आयुष्यभर विळे आणि कुऱ्हाडी बनवत आले. ते पोलाद कसं तापतं, कसं मरतं, हे त्यांच्या डोळ्यांना माहीत आहे. भुसावळहून पाटा आणला, मुलाने दिवसभर खाली झोपून बसवला, आणि चिरलेल्या पाट्याच्या बाबांनी कुऱ्हाडी केल्या. त्यातली एक माझ्या काकांकडे आहे.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, वा, काय जिद्द, काय जुगाड. मला ते कौतुक लिहायचं नव्हतं. खरी गोष्ट आता सांगतो.

दर वर्षी या कुटुंबाला आपलं घर उतरवावं लागतं.

पिकअप कागदावर मालवाहू वाहन आहे. मालवाहू वाहनाला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आपण ज्याला पासिंग म्हणतो. गाडी घेतल्यावर पहिल्या पासिंगला मुलगा ती आहे तशी घेऊन गेला. तपासणारे म्हणाले, हा हूड, हा माळा, ही प्लेट, हे सगळं काय आहे? आरसी बुकात नाही. काढून आणा. त्यांच्यावर माझा राग नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येणार नाही. नियम कशासाठी आहे तेही कळतं. मोठमोठ्या सायलेन्सरवाल्यांना आणि ट्रकचे हौदे वाढवणाऱ्यांना आवरायलाच हवं.

पण त्या दिवशी मुलाने ग्राइंडरने वेल्ड केलेला हूड कापला. रस्त्याच्या कडेला. परत आल्यावर सगळा हूड नव्याने बांधला, या वेळी नट-बोल्टवर. माळाही बोल्टवर. सोलरची प्लेट क्लॅम्पवर. सगळं घर असं बांधलंय की दीड तासात उतरतं आणि चार तासांत चढतं. आपण घर बांधताना वास्तू बघतो, हवा-उजेड बघतो. यांनी घर बांधताना पासिंग बघितलं.

तर वर्षातून एकदा, दोन दिवस, सगळा संसार लिंबाखाली उघड्यावर. फळ्या, अंथरुणं, पिठाचा डबा, देवाची पेटी, पोरांची दप्तरं. मुलगा रिकामी गाडी घेऊन पासिंगला जातो, मालवाहू वाहन दिसेल अशी. नंबर लागला नाही तर तिसरा दिवस. गेल्या वर्षी नेमका त्या रात्री अवकाळी आला. ताडपत्री होती पण ती बांधायला हूडच नव्हता. बाबा आणि सून चार टोकं हातात धरून पोरांवर उभे राहिले. पोती भिजली, वह्या भिजल्या. धाकटीला आठवडाभर ताप होता. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं, तेही बाबांनी नाही सांगितलं, समोरच्या टपरीवाल्याने सांगितलं.

याहून जास्त काळजीची गोष्ट विम्याची. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बसू शकतो. बाकी माणसं बसवणं गुन्हा आहे. आणि अशा फुकट बसलेल्या माणसांची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे मागे माळ्यावर झोपलेली आई आणि दोन लेकरं विम्याच्या हिशेबात नाहीतच. मुलगा दर वर्षी न चुकता हप्ता भरतो. त्या हप्त्यात ऐरणीचा मालक येतो, घरातली माणसं येत नाहीत. नाक्यावर पकडले गेले तर चलान वेगळं. म्हणून ते दुसऱ्या गावाला निघतात ते पहाटे चारला, हायवे टाळून, आतल्या रस्त्यांनी.

आता गंमत बघा. चाकावरचं घर आपल्या कायद्याला माहीत नाही असं अजिबात नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी केंद्राचं वेगळं मानक आहे, एआयएस १२४. त्यात व्याख्या दिली आहे: बसायची जागा आणि टेबल, आसनांची करता येईल अशी झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची जागा, आणि हे सगळं गाडीला पक्कं बसवलेलं. वाचलं तेव्हा मी ती यादी घेऊन लिंबाखाली गेलो. बसायची जागा आहे. फळी टाकली की झोपायची सोय. सामानाची जागा आहे. स्वयंपाक तेवढा बाहेर, चुलीवर, कारण आत डिझेल आणि बॅटरीशेजारी जाळ नको, ही बाबांची अक्कल. टेबल नाही. बाबा म्हणाले, ऐरणीले टेबल म्हना.

फरक व्याख्येत नाही, गटात आहे. कायदा माणसं वाहणाऱ्या गाड्या 'एम' गटात टाकतो आणि माल वाहणाऱ्या 'एन' गटात. मोटर कॅराव्हॅन 'एम'मध्ये, पिकअप 'एन'मध्ये. इकडून तिकडे जायचं तर बांधणाऱ्या कंपनीने पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून त्या रचनेची तपासणी करून प्रमाणपत्र आणायचं. लिंबाखाली ग्राइंडर चालवणाऱ्या पोराने ते कसं आणायचं? आणि स्वतःच्या वापराची कॅम्पर व्हॅन ही खासगी मोटारीसारखी बिगर-परिवहन वाहनात मोडते. म्हणजे तिला दर वर्षी पासिंगची कटकटच नाही. जो वर्षातून दोन आठवडे गाडीत राहतो, त्याचं घर कायम. जो तीनशे पासष्ट दिवस राहतो, त्याचं घर दर वर्षी खाली.

२०२१ मध्ये आपल्या राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मी तेव्हा त्याची बातमी वाचून खूश झालो होतो, आजही ते धोरण चांगलं आहे असंच माझं मत आहे. त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे: गाड्या उभ्या करायला जागा, पाणी, वीज, आतले रस्ते, स्वच्छतागृह. नोंदणी करणाऱ्यांना सवलती. उद्या अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला असं पार्क झालं तर आपल्या भागातल्या चार पोरांना रोजगार मिळेल. योगायोग असा, की त्याच वर्षी ज्या सिनेमाला ऑस्कर मिळालं, तो 'नोमॅडलँड', घर गेल्यावर व्हॅनमध्ये राहून कामाच्या मागे फिरणाऱ्या अमेरिकन बाईचा होता. आपल्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तो मोबाइलवर पाहून हळहळ व्यक्त केली. बोदवड रस्त्यावर कोणी थांबलं नाही.

एक साधा प्रश्न मला पडतो. गाडी उभी करायला जागा, पाणी, स्वच्छतागृह, ही यादी पर्यटकासाठी लिहिता येते, तर आठवडे बाजाराला येणाऱ्या गाडीलोहारांसाठी, तमाशाच्या फडासाठी, कोयता घेऊन निघालेल्या ऊसतोड्यांसाठी का लिहिता येत नाही? हे परदेशातलं स्वप्न नाही. इंग्लंडमध्ये १९६८ साली कॅराव्हॅन साइट्स नावाचा कायदा झाला आणि फिरत्या जिप्सी कुटुंबांना गाड्या उभ्या करायला जागा देणं तिथल्या स्थानिक संस्थांवर बंधनकारक केलं गेलं. १९९४ मध्ये ते बंधन काढलं, त्यावरून अजून वाद चालतात, आणि वेल्सने २०१४ च्या कायद्यात ते परत आणलं. म्हणजे तिथेही सगळं आलबेल नाही. पण तिथे हा प्रश्न नगरपालिकेच्या टेबलावर तरी आला.

आमच्याकडे टेबलावर काय येतं, तर पत्ता. वाहन नोंदवायचं तर कलम ४० म्हणतं, जिथे तुमचं राहणं किंवा धंदा आहे आणि गाडी जिथे सहसा ठेवली जाते, तिथे नोंदवा. गाडी सहसा कुठे ठेवली जाते? बाबांचं उत्तर: "जिथं काम भेटीन तिथं." शेवटी दुसऱ्या तालुक्यात वस्ती करून राहिलेल्या पाहुण्यांचा पत्ता आरसीवर आहे, आधारवरही तोच. जातीच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. त्या वर्षी बाबांचे वडील बैलगाडीत होते. बैलगाडीचा सातबारा नसतो. २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली, १८ पारंपरिक व्यवसायांत लोहार आहे, अवजारांसाठी १५ हजार रुपये, पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत ५ टक्क्यांनी कर्ज. मुलगा अर्ज करायला निघाला. पहिली पडताळणी ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची. कोणत्या? पाहुण्यांच्या गावचे म्हणतात, तुम्ही इथे राहत नाही. इथले म्हणतात, तुमचं नाव इथे नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी लिहील की त्यांची फिरस्ती संस्कृती जपली पाहिजे. मला फिरस्तीचं कौतुक नको आहे, आणि त्या घरातल्या कोणालाही नको आहे. मी सुनेला विचारलं, ताई, गाडीत अजून काय सुधारणा पाहिजे? मला वाटलं पंखा म्हणेल. ती म्हणाली, "मले गाडीचं काई नाई भाऊ. मले दार लावता येईन असं संडास पायजे. आन् पोरीले एकच शाळा." मोठी नात सहावीत आहे. हुशार आहे. वर्षात तीन शाळांमध्ये बसते. हजेरीपटावर नाव एकीकडे, पोरगी दुसरीकडे.

त्यांना पक्कं घर हवंय. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना त्यासाठीच आहे. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या कुटुंबांना पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर. कागदावर उत्तम. पण घर मिळालं तरी गाडी लागणारच, कारण धंदा फिरताच आहे. बाई आणि पोरं घरी, बाप-लेक गाडीवर, असं त्यांच्या डोक्यात आहे. ते होईपर्यंतची जी पाच-दहा वर्षं आहेत, तेवढी पोरीची शाळा संपायला पुरेशी आहेत. म्हणून मी म्हणतो, वसाहतीची वाट बघता बघता गाडीचा प्रश्न सोडवा. परिवहन खात्याला मनात आणलं तर भटक्या जमातीच्या कारागिरांसाठी राहत्या गाडीची एक साधी नोंद करता येईल: अमुक उंचीचा हूड, बोल्टवरचा माळा, बसायला पट्टे, कुटुंबातल्या इतक्या माणसांची नावं, आणि त्या नावांचा विमा. सुरक्षिततेचे नियम कडक ठेवा, हरकत नाही. बाबा कोणत्याही निरीक्षकापेक्षा कडक आहेत, हे पाट्याच्या वेळी मी पाहिलंय. आणि नगरपरिषदेने बाजाराच्या बाजूला चार गाड्यांपुरती जागा, एक नळ, दोन संडास एवढं केलं तरी सुरुवात होईल. याला धोरण लागत नाही, ठराव लागतो. नगरपरिषदेला तसं लेखी निवेदन दिलंय. पोच माझ्याकडे आहे.

या वर्षीचं पासिंग पुढच्या महिन्यात आहे. बाबा म्हणाले, या वेळी सामान उघड्यावर नको, पाऊस भरवशाचा नाही. बोदवड रस्त्याला किंवा गावात कोणाचं खळं, गोडाऊन, पत्र्याचं शेड दोन-तीन दिवसांसाठी रिकामं असेल, पाच माणसं आणि एक ऐरण मावेल एवढं, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. जागा साफ करून परत मिळेल. घरात बोथट झालेले विळे-कुऱ्हाडी असतील तर काढून ठेवा, बाबा धार लावून देतील. पैसे घेतील, फुकट करत नाहीत, आणि करूही नये.